खाजकुहिलीच्या मांडवाखाली युसूफ पेंटर

युसूफ, परवा तुला माती देऊन आलो. तीन मुठी टाकायच्या असतात एवढंच मला माहीत होतं. चप्पल कुठं काढायची, कोणत्या बाजूनं पुढं व्हायचं, काही ठाऊक नव्हतं. मी शेजारच्याचं बघून बघून करत होतो. थोड्या वेळानं लक्षात आलं की शेजारी आपल्या चौकातले किराणावाले बसवराजअप्पा आहेत, आणि तेही माझ्याकडं बघून बघूनच करून राहिलेत. मला तिथंच हसू फुटलं. तू असतास तर म्हणाला असतास, "मास्तर, आज तरी लोकांना माझ्याकडं बघू दे."

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. माझी अडचण अशी की तुझ्याबद्दल बोलायला गेलं की माझ्या फजित्याच तोंडात येतात. माझी एकही मोठी फजिती तुझ्या गैरहजेरीत झालेली नाही. मी करायची आणि तू चौकात सांगायची, अशी आपली वाटणीच होती.

पहिली भेट आठवते? मी शिरूर अनंतपाळहून लातुरात आलो होतो आणि पत्र्याची एक खोली भाड्यानं घेऊन जीवशास्त्राचा क्लास काढला होता. तुला बोर्ड लिहायला बोलावलं. तू खोलीत डोकावलास, चार बाकडी पाहिलीस आणि विचारलंस, "आत शिकवतंय कोण?"

"मी."

तू मला वरपासून खालपर्यंत पाहिलंस. "मग अक्षर लई मोठं काढावं लागंल. पोरं बोर्ड बघूनच आली पाहिजेत."

आणि खरोखर तशीच आली. 'अंकुर जीवशास्त्र वर्ग' ही तुझी अक्षरं इतकी टपोरी होती की एका बापानं पोराचं नाव घालताना सांगितलं, "ज्याचा बोर्ड एवढा नीट, त्याचं शिकवणंबी नीटच असणार." तो सबंध वर्षभर तू मला "बोर्डाच्या पुण्याईवर जगणारा माणूस" म्हणायचास.

मग भूकंप झाला. आपल्या शहराला त्यानं हलवून सोडलं. तिकडं औशापलीकडं गावंच्या गावं मातीत गेली. उरलेल्या माणसांसाठी पत्र्याची शेडं उभी राहिली आणि प्रत्येक शेडावर घरमालकाचं नाव लिहायचं काम तुला मिळालं. मदतनीस म्हणून मी आलो, म्हणजे रंगाचा डबा धरायला. पहिल्याच दिवशी तो मी सांडला. तेव्हापासून डबा तू धरायचास आणि मी दारात उभा राहून आतल्यांना नाव विचारायचो.

एका शेडात एकच बाई होती. तिनं नवऱ्याचं नाव सांगितलं. तू लिहिलंस. मग ती म्हणाली, "भाऊ, तेच्या खाली लेकराचंबी लिवा."

तू सवयीनं विचारलंस, "लेकरू कुठं गेलंय?"

ती नुसती बघत राहिली. तू ब्रश पुन्हा रंगात बुडवलास. नवऱ्याच्या नावाखाली लेकराचं नाव काढलंस. त्या नावातली एक वेलांटी जराशी सरकली. तुझ्या हातून सरकलेलं अक्षर मी पहिल्यांदा पाहत होतो. तू ते पुसून नीट करायला गेलास, तर बाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तसंच ऱ्हाऊ द्या."

पुढं लातुरात क्लासेसचं पीक आलं. गल्लोगल्ली बोर्ड. भौतिकशास्त्राचा बोर्ड रसायनशास्त्राच्या बोर्डाला झाकायचा आणि गणिताचा दोघांनाही. आणि सगळे बोर्ड तुझेच! तू दोन भांडणाऱ्या सरांचे बोर्ड एकाच दिवशी लिहायचास आणि दोघांनाही सांगायचास, "तुमचं अक्षर त्याच्यापेक्षा दोन बोटं मोठं ठेवलंय." याच भरात तुझा उजवा हात थरथरायला लागला. आधी अंगठा, मग मनगट. तू तो खिशात घालून हिंडायचास.

तू काय केलंस, ते आठवलं की अजून हसू येतं. हात सरळ रेघ काढीना, तर तू अक्षरंच डुलती काढायला लागलास, आणि विचारणाऱ्याला सांगायचास, "नवीन ष्टाइल है, हैदराबादेत चालू आहे." त्या वर्षी निम्म्या लातूरचे बोर्ड डुलत होते. एक सर माझ्याकडं येऊन म्हणाले, "युसूफभाईंना सांगा, आमच्या बोर्डाला हलण जरा कमी पडलंय."

शेवटी शमीमभाभींनी तुला पकडलं. चहाची बशी तुझ्या हातात खुळखुळ वाजत होती. मग ज्यानं त्यानं आपलं शास्त्र काढलं. आपल्याकडं त्या दिवसांत कुणाचंही काहीही हललं की एकच निदान होतं: भूकंपाचं भय बसलंय. भाभींनी ताईत बांधला. बसवराजअप्पांनी अंगारा आणला. तू दोन्ही मुकाट घेतलंस, म्हणालास, "कोणता लागू होईल सांगता येत नाही." आणि मी, जीवशास्त्राचा माणूस, तुला फळ्यासमोर बसवून भयानं शरीरात कोणता रस पाझरतो ते आकृती काढून समजावलं, आणि भय आपोआप उतरेल असा निकाल दिला. आकृती उत्तम होती. निकाल ताइताच्याच लायकीचा निघाला.

मोठ्या दवाखान्यात कळलं, हा कंपवात आहे. गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी थोडं बरं वाटायचं, पण ब्रश धरण्याइतकं नाही. आणि तुला एवढंच हवं होतं. "चालता आलं नाही तरी चालंल मास्तर, लिहिता आलं पायजे."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी भर वर्गात मला आठवलं. शेंगांचं कूळ शिकवत होतो, आणि फळ्यावर लिहिलं: खाजकुहिली. जंगलातला वेल. तिच्या बियांना वैद्य कवचबीज म्हणतात आणि कंपवातावर देतात. मी खडू टाकला आणि पोरांना सोडून दिलं. पोरांना वाटलं सरांच्या घरी काहीतरी झालं. झालंच होतं म्हणा.

रानातली अस्सल खाजकुहिली पाहिजे म्हणून मी थेट इस्लापूर गाठलं. सहस्रकुंडाच्या आसपासच्या रानात, हिवाळा सरत असताना, झाडाझुडपांवर ती चढलेली दिसली. शेंगा वाळून तपकिरी झालेल्या, वाकड्या बोटासारख्या, वरून सोनेरी मखमल. ती मखमल म्हणजेच तिची खाज. नुसती वाऱ्यानं उडून अंगावर आली तरी माणूस नाचायला लागतो. हे सगळं मला माहीत होतं, म्हणून मी जाड हातमोजे नेले होते. शेंगा तोडल्या, काहीही झालं नाही. स्वतःवर लई खूश झालो आणि शेंगा कापडी पिशवीत भरून गाडीत खिडकीजवळच्या खुंटीला टांगल्या.

गाडी सुटली, वारा सुटला. सगळ्यात आधी समोरच्या मावशी मान खाजवायला लागल्या. मग त्यांचा नातू. मग टोपीवाले आजोबा. कुणीतरी म्हणालं, "ढेकणं झालीत बाकड्यात." मी ठासून म्हणालो, "हाव, लई झालीत," आणि दोन्ही हातांनी पाठ खाजवायला लागलो. हिमायतनगर मागं पडेपर्यंत सगळा डबा उभा होता आणि बाकडी आपटून आपटून ढेकूण शोधत होता. एवढ्यात आजोबांची नजर पिशवीवर गेली. "कुणाची हाय रं ही कुहिली?"

मुदखेडला मी उतरलो म्हणजे उतरवला गेलो. अंगावर पाणी घ्यायला निघालो, तर मावशीच मागून ओरडल्या, "पाणी नगं, शेण चोळ!" शिव्या देऊन देऊन उपचार सांगणारी माणसं आपल्याकडंच मिळतात. स्टेशनाबाहेर शेणाला तोटा नव्हता. त्याच अवतारात लातूर गाठून तुझ्या दारात उभा राहिलो. शमीमभाभी दोन पावलं मागं सरल्या. "अय्यो मा! मास्तर, होली तो अगले महिने है!" तू मात्र हसला नाहीस. पिशवीकडं बघितलंस, माझ्या सुजलेल्या मानेकडं बघितलंस, आणि तुझे डोळे भरले. मग दुसऱ्या दिवशी चौकात सगळी हकीकत सांगितलीस, माझी नक्कल करून, खाजवण्यासकट.

बिया काळ्याभोर निघाल्या. जून लागताच त्या रात्रभर भिजवून क्लासच्या मागच्या मोकळ्या जागेत आपण टोकल्या. वेल चढायला मांडव पाहिजे होता. तू म्हणालास, "माझी परांची कुणाला लागायची आता?" तुझ्या परांचीचे ते बांबू, ज्यांच्यावर चढून तू सगळं लातूर रंगवलंस, ते आपण जमिनीत रोवले. तू धरलेला बांबू तुझ्याबरोबर थरथरायचा. मी दुसरीकडं बघत माती दाबायचो.

पावसाळा संपता संपता फुलं आली. खाली लोंबणारे घोस, द्राक्षांसारखे. मी म्हणालो जांभळा रंग. तू म्हणालास, "जांभळा? मास्तर, आंधळा हायस का? ऊदा है ये. निळ्यात लाल, आणि वरून थोडी काजळी." यावर आपण किती वर्षं भांडलो!

शेंगा काढायचा दिवस तर क्लासच्या पोरांनी सुटी मागून पाहिला. दहिवर असताना काढायच्या म्हणजे कुसं उडत नाहीत, हे आता मला कळलं होतं. तरी भीती नको म्हणून मी रेनकोट घातला, डोक्याला हेल्मेट, पायात गमबूट, आणि वेलावर पाणी शिंपडत शेंगा तोडल्या. तू खुर्चीवर बसून पोरांना सांगत होतास, "बघा रे, तुमचे सर चंद्रावर चाललेत."

बिया दुधात उकळायच्या, टरफल काढायचं, सावलीत वाळवायच्या, दळायच्या. भाभींनी पातेलं दिलं, पण काठापासून दूर उभ्या राहिल्या. "इत्ता अच्छा दूध! इसमें खीर हो जाती." त्या पातेल्यात पुन्हा कधी खीर झाली नाही. आणि मी रोज चमचा घेऊन तुझ्याकडं यायला लागलो.

काय गुण आला युसूफ! एका सकाळी तू भरलेला चहाचा पेला घेऊन घरापासून चौकापर्यंत चालत आलास आणि एक थेंब सांडला नाही. अप्पांनी टाळ्या वाजवल्या. मी छाती काढून हिंडत होतो. पंधरवडाही गेला नसेल, तर तुझा खांदा आपोआप उडायला लागला, मान डुलायला लागली. तू म्हणालास, "थरथर गेली मास्तर, पण कव्वाली सुरू झाली. टाळी तेवढी तू धर."

दवाखान्यात तुला तपासणारी डॉक्टर माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली. "सर," ती म्हणाली, "गोळीत जे औषध आहे तेच ह्या बियांत आहे. गोळीत किती आहे ते मला माहीत आहे. तुमच्या चमच्यात किती आहे ते तुम्हालाही माहीत नाही. दोन्ही एकदम द्यायचं कुणी ठरवलं?"

तू माझ्याकडं बोट दाखवलंस. मी भाभींकडं. भाभींनी वर आभाळाकडं. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन जे सुनावलं ते मी एकट्यानंच ऐकायचं होतं, पण तू पडद्याआडून सगळं ऐकलंस आणि अप्पांना शब्दशः सांगितलंस.

चूर्ण बंद झालं. गोळीची वेळ नव्यानं बांधून दिली. मी घरी आलो तो विळा घेऊन थेट मांडवाकडं गेलो. तू मागून ओरडलास, "क्या करता रे?"

"काढून टाकतो. काय कामाची आता?"

"दवा गोळीत आहे ना? फुलं तर गोळीत येत नाहीत."

मग दरवर्षी पाऊस लागला की आपण ती लावत राहिलो. शेंग कोवळी असतानाच ओल्या फडक्यानं खुडायची, बियाण्यापुरता एक घोस राखायचा, एवढाच नेम. मुळं उपटून त्यांच्यावरच्या गाठी मी पोरांना दाखवायचो. वेल वाळला की पाला तिथंच गाडायचो. भाभींची मेथी त्या मातीत अशी यायची की अप्पा विचारायचे, खत कोणतं घालता. आणि संध्याकाळी घोसांखाली बसून तू तेच म्हणायचास, "भूकंपच आहे हा. त्या बाईच्या शेडापाशी हातात शिरला. मला कळलं होतं तेव्हाच."

मी म्हणायचो, "युसूफ, मेंदूतल्या काही पेशी कमी होतात. त्याचा भूकंपाशी काही संबंध नाही."

"पेशी कमी होतात. हौ. पण कायकू कम होते?"

मी आकृती काढायचो. तू ती बघून म्हणायचास, "लाइन तिरपी आली."

तोपर्यंत फ्लेक्स आले होते. सरांचे हसरे फोटो, गुणवंत पोरांचे फोटो, सगळं मशीनवर छापलेलं. माझा बोर्ड मात्र तुझाच, पोपडे निघालेला. तुला त्याची लाज वाटायची. "उतरव तो. नाहीतर फ्लेक्स लाव. माझ्या नावाला बट्टा लागून राहिला."

"राहू दे."

"मग मी लिहितो नवीन. शिडी काढ."

मी शिडी काढायचो नाही. तू पडशील म्हणून. तू म्हणायचास, पडलो तर माझी हाडं मोडतील, तुझं काय जातं? एकदा तर मी शिडी दडवली आणि सांगितलं शाळेला देऊन टाकली. तू त्या शाळेत जाऊन चौकशी करून आलास! त्यानंतर कितीतरी दिवस तू माझ्याशी बोलला नाहीस. मांडवाखाली यायचास, पाठ करून बसायचास. तुझं पडणं मला बघवलं नसतं, आणि तुझं न लिहिणं तुला सोसवत नव्हतं. कोण बरोबर होतं ते अजून ठरलेलं नाही.

अक्कल मला उशिरा येते. तुला वर चढवण्यापेक्षा बोर्ड खाली आणावा, हे एवढं साधं मला यंदाच्या पावसाळ्यात सुचलं. बोर्ड उतरवताना तो माझ्याच पायावर पडला. मी लंगडत दोन बाकडी मांडवाखाली ओढली, त्यावर बोर्ड आडवा ठेवला. तू आलास, बघितलंस, आणि इतकंच म्हणालास, "इत्ते साल लगे तेरेकू?"

गोळी घेतल्यावर तुझा हात तासभर निवांत व्हायचा. तो तास तू दुसऱ्या कशालाही देत नव्हतास. जुना रंग खरवडलास, अस्तर दिलंस. निळ्यात लाल मिसळलास, बोटानं काजळी घातलीस, फूल तोडून शेजारी धरलंस. पहिल्या दिवशी जमलं नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मग एकदा तू फूल ओल्या रंगावर ठेवलंस आणि ते दिसेनासं झालं. "बोल आता, जांभळा?" मी म्हणालो, "ऊदा." हरल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

त्या रंगावर तू पांढरी अक्षरं काढायला लागलास. एका तासात एखादं, कधी अर्धंच. तास संपत आला की मनगटाला आधी कळायचं. तू ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवायचास आणि हाताला म्हणायचास, "चल बाबा, आता तुझं राज." अक्षरं पहिल्यासारखी टपोरी आली. 'अंकुर' झालं. 'जीवशा' झालं. मधे जोडाक्षर अवघड म्हणून एक दिवस नुसता बघत बसलास.

परवा तू सकाळची गोळी घेतलीस, आणि तुझा तो तास आलाच नाही.

तुला पोचवून आलो तर बोर्ड तसाच पडला होता, रंगाच्या डबीवर साय धरलेली. अप्पा म्हणाले, तसाच टांगा, आठवण राहील. मी विचार केला. अर्धवट बोर्ड टांगला तर चौकातून जाणारा येणारा म्हणेल, युसूफ पेंटरनं काम अर्धं सोडलं. हे तुला चाललं नसतं. म्हणून आज मी साय काढली, ब्रश घेतला आणि उरलेली अक्षरं मी लिहिली.

युसूफ, माझा हात थरथरत नाही. एवढंच काय ते त्याच्याबद्दल बोलता येईल. 'स्त्र' दारू प्यायल्यासारखा आलाय. 'वर्ग' मावला नाही म्हणून शेवटी आकसून बसलाय.

अप्पांच्या हातगाड्यावर घालून बोर्ड तुझ्या दारी नेला. भाभींची इद्दत आहे, नवऱ्यामागं बाईनं घरात पाळायचे दिवस, म्हणून त्या पडद्याआड होत्या. पडदा थोडा सरकला. मला वाटलं, उगाच आणला. मग आतून विचारलं, "मास्तर, ये पीछे का कौन लिखा?"

"मी."

"दिखता," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. हसता हसता रडल्या, आणि रडत असतानाच पुन्हा हसल्या. मग आवाज सावरून म्हणाल्या, "लोगां समझेंगे, पूरा उनोच लिखे. ऐसा नक्को."

"मग पुसू?"

"पुसू नका. पीछे के अक्षरों के नीचे तुम्हारा नाम डालो."

"आणि पुढच्याखाली युसूफचं?"

"उनका कायकू? अक्षर दिखता ना."

तिथंच उंबऱ्याशी बसून मी वाकड्या अक्षरांखाली बारीक वाकडं माझं नाव घातलं. संध्याकाळी बोर्ड चढवला. आता चौकात उभं राहून कुणीही सांगेल, तू कुठं थांबलास.